प्रश्नाखाली नाव

माझे वडील गेले तेव्हा मी सहावीत होते आणि धाकटी बहीण पाळण्यात. निपाणीत त्या काळी आमच्यासारख्या घरातल्या बाईला एकच काम हमखास मिळे, तंबाखूच्या वखारीतलं. आई दिवसभर तिथं तंबाखू चाळायची. घरी आली की आधी शिंका, मग खोकला, मग चूल. तिच्या लुगड्याचा वास माझ्या दप्तराला लागे आणि शाळेत माझ्या शेजारची जागा बहुतेक रिकामी राही. एकदा ती माझ्यासाठी जुनी पुस्तकं मागायला एका नातेवाइकांकडे गेली. त्यांनी तिला पायरीवर ताटकळत ठेवलं आणि आतून निरोप पाठवला, की नंतर या. परतताना वाटेत ती मला म्हणाली, "कुनाच्या दारात इचारायला जाऊ नगंस. जमंल तेवढं कर. न्हाई जमलं तर गप ऱ्हा."

विचारणं आणि मागणं यांत आमच्या घरी फरक नव्हता. दोन्हींत मान खाली घालावी लागे. मी ते वाक्य इतकं मनावर घेतलं की मॅट्रिक झाले, शिष्यवृत्तीवर बेळगावला गणित घेऊन बी. एस्सी. झाले, पण एकाही प्राध्यापकाला एक शंका विचारली नाही. रात्री रडले असेन, पण विचारलं नाही. याचा मला अभिमान होता. हाच अभिमान घेऊन मी बंगळूरला आले. तिथल्या एका मोठ्या संस्थेत, जिथं विमानांवर संशोधन चाले, मला गणनविभागात नोकरी लागली होती. सहा महिने प्रोबेशन. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर परत निपाणी. निपाणीत काय होतं ते वर सांगितलंच आहे.

त्या विभागाच्या खिडकीत अण्णा बसायचे.

संस्थेत नुकतंच कॉम्प्युटर नावाचं यंत्र आलेलं होतं. काचेच्या पलीकडे, थंड खोलीत. आम्हांला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. प्रोग्राम लिहायचा, त्याची एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून घ्यायची, शंभरभर कार्डांचा गठ्ठा रबर लावून खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापलेला कागद घेऊन जायचा. गठ्ठे घेणं आणि कागद देणं, एवढंच अण्णांचं काम. हुद्दा काउंटर क्लार्क, शिक्षण मॅट्रिक. पण त्या खिडकीच्या फळीवर सुतळीनं बांधलेली एक जाड वही असे आणि तिच्यामुळे परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेली माणसंसुद्धा अण्णांपुढे नीट उभी राहत.

अण्णा तोंडी प्रश्न घेत नसत. मी रुजू झाले त्याच आठवड्यात एक मोठे इंजिनिअर तावातावानं खिडकीशी आले आणि म्हणाले, "चालत नाही."

"काय चालत नाही, सार? गाडी?" अण्णांनी विचारलं.

"माझा प्रोग्राम."

"हां. मग लिहा सार. काय हवं होतं, काय केलंत, काय आलं, आणि इथं येण्याआधी काय काय करून बघितलंत. स्वल्प सावकाश लिहा. खाली नाव." त्यांनी वही फिरवली आणि पेन्सिल पुढे केली. साहेब लाल झाले. अण्णा पुढच्या माणसाचा गठ्ठा घेऊ लागले होते. शेवटी साहेबांनी लिहिलं. त्यांचं लिहून होईतो मागच्या रांगेतल्या एकानं ते खांद्यावरून वाचलं आणि उत्तर सांगूनही टाकलं. अण्णांनी त्यालाही पेन्सिल दिली. "तू पण लिही. तोंडचं उत्तर यांच्याबरोबर जेवायला जाईल. उद्या दुसऱ्याला हेच अडलं तर त्यानं कुठं शोधायचं?"

अण्णा मूळचे शिंपी. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा सातारकडून आलेले. चार पिढ्या बंगळूरच्या चिक्कपेटेत कपडे शिवण्यात गेलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी कन्नड शिवलेली असे. मला ते 'तंगी' म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. प्रश्न कसा लिहावा हे ते दुकानाच्या भाषेत सांगत. "गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, बसत नाही. कुठं बसत नाही? खांद्याला की काखेत? ते सांगितलंस तर मी कात्री घेईन. नुसतं बसत नाही म्हणालास तर मी पण बसतो, तू पण बस."

त्यांचा आणखी एक दंडक होता. प्रश्नाखाली नाव पाहिजेच, उत्तराखाली मात्र नको. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "विचारणाऱ्याला शोधावं लागतं, आणखी काही विचारायचं असतं त्याला. उत्तर बरोबर आहे की नाही एवढंच बघायचं. कुणाचं आहे त्यात काय?" त्यामुळे व्हायचं असं, की एखाद्या शिकाऊ मुलीनं दिलेलं उत्तर विभागप्रमुख निमूटपणे वापरत. दर शनिवारी अण्णा आठवड्याचे न सुटलेले प्रश्न कार्बन घालून टाइप करत आणि ऑफिसच्या टपालातून मुंबई, कानपूर, कलकत्ता अशा गावांना पाठवत, जिथं जिथं असं यंत्र आलेलं होतं तिथं. तिकडून पोस्टकार्डं येत. ती ते खळीनं त्या त्या प्रश्नाखाली चिकटवत. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं त्या वहीत एकमेकांच्या चुका काढत बसलेली असत.

अण्णा कुणावर आवाज चढवत नसत, पण उर्मटपणा त्यांना खपत नसे. एका नव्या मुलीनं अगदी प्राथमिक प्रश्न विचारला होता. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'हे पुस्तकात आहे. वाचा.' अण्णांना सगळ्यांची अक्षरं ओळखू येत. त्यांनी त्याखाली दोनच शब्द लिहिले, 'कोणत्या पानावर?' आणि दुसऱ्या दिवशी तो तरुण इंजिनिअर गठ्ठा घेऊन आला तेव्हा वहीच पुढे केली. "पान लिही, मग गठ्ठा घेतो." बिचारा ग्रंथालयात दोन दिवस बसला. पान सापडलं, पण त्यावर त्या मुलीला हवं ते धड दिलेलंच नव्हतं. मग त्यानं स्वतःच दीड पान भरून उत्तर लिहिलं. ते उत्तर पुढे सगळे वापरायचे. अण्णा म्हणाले, "बघ, पुस्तकापेक्षा चांगलं लिहितोस की. उगाच पुस्तकाकडे कशाला पाठवत होतास?"

हे सगळं मी पाहत होते, वाचत होते, हसत होते. दुसऱ्यांची उत्तरं वाचून शिकतही होते. पाच महिन्यांत वहीत माझं नाव मात्र एकदाही आलं नाही.

मला दिलेलं काम होतं विमानाच्या पंखाच्या थरथरीचा तक्ता. पंखाची लांबी लहान लहान तुकड्यांत धरायची आणि एकेका तुकड्याचं गणित करून बेरीज घ्यायची. मशीननं दिलेली उत्तरं मी हातानं पडताळली तर ती जुळेनात. आधी वाटलं, मी तुकडा मोठा धरलाय. तो लहान केला. तरी आकडा हलेना. मी रोज गठ्ठा देत होते, रोज कागद घेत होते, रोज तोच आकडा.

एके दिवशी अण्णांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला. "तंगी, हा नवव्यांदा आला. कार्डांचे कोपरे दमले बघ."

"अजून बघतेय मी, अण्णा."

"वही हवी?"

"नको. मला अडलेलं नाही काही."

"सरी, बरं तर," म्हणाले आणि गठ्ठा आत पाठवला.

मग आमच्या साहेबांची चिठ्ठी आली. साहेब मद्रासकडचे, कमी बोलणारे. महिनाअखेर तक्ता हवा, त्यानंतर माझ्या प्रोबेशनचा निर्णय होईल. मी जागेवर बसून चिठ्ठी तीनदा वाचली. आईला पत्रात लिहिलं होतं, की आता वखारीत थोडेच दिवस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी कुणी नाही असं पाहून मी वही ओढली आणि लिहिलं, हाताचा आकडा आणि मशीनचा आकडा, दोन्ही. अक्षर माझं चांगलं. प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोत्यासारखा उतरवून काढला. खाली नाव लिहिताना हात थबकला. अण्णा पाठ करून गठ्ठे लावत होते. पाठ तशीच ठेवून म्हणाले, "नाव राहिलं तर शनिवारच्या टपालात घालता येत नाही हं."

चार दिवसांत तिघांनी लिहिलं, की प्रोग्रामात चूक दिसत नाही. दहाव्या दिवशी मुंबईहून कार्ड आलं. 'हाच प्रोग्राम आम्ही आमच्या मशीनवर चालवला. उत्तर तुमच्या हाताच्या गणिताशी जुळतं.' मला केवढं हायसं वाटलं. मी ताठ मानेनं खिडकीशी गेले. "अण्णा, आता तर पुरावाच आला. माझं बरोबर आहे. आपलं मशीन चुकतंय."

"मशीन सकाळपासून बावीस जणांचं बरोबर करतंय," अण्णा म्हणाले. "तुझ्यावरच का राग धरेल? गठ्ठा आण."

"वहीत आहे की सगळं."

"मापाची वही बघून सदरा दुरुस्त होतो काय? सदरा आण."

मी गठ्ठा आणला. अण्णांनी रबर काढलं. मी वहीतून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची आणि ते एकेक कार्ड उलटायचे. भोकांवरून ओळ वाचायला ते आपोआप शिकलेले होते, आम्हां पदवीधरांना ते येत नसे. गठ्ठ्याचा तिसरा हिस्सा झाला असेल. मी तुकड्याच्या लांबीची ओळ वाचली. त्यांनी कार्ड उलटलं. मी पुढची ओळ वाचली.

"थांब. ती नव्हे."

"हीच आहे पुढची, अण्णा."

"तुझ्या वहीत असेल. गठ्ठ्यात इथं अजून एक लांबी आहे." त्यांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. "मोठा तुकडा."

मग आठवलं. तुकडा लहान केला तेव्हा मी नवं कार्ड करून घेतलं होतं आणि जुनं त्याच्याच मागे ठेवून दिलं होतं. नवं नाही चाललं तर पुन्हा लागेल म्हणून. मशीन आधी लहान तुकडा वाचायचं, लगेच पुढच्या कार्डावर मोठा वाचायचं आणि शेवटचं तेच खरं मानून मोठ्याचं गणित करून द्यायचं. वहीत उतरवताना मी मनातला प्रोग्राम उतरवला होता, हातातला नव्हे. तीन माणसं आणि अख्खी मुंबई माझ्या सुवाच्य अक्षराची चूक शोधत बसली होती आणि तिथं चूक नव्हतीच.

"जुनं का ठेवलंस?"

"टाकवलं नाही, अण्णा. आमच्याकडे काही टाकत नाहीत."

"आमच्याकडे पण चिंधी टाकत नाहीत," अण्णा म्हणाले. "पण ती गिऱ्हाइकाच्या सदऱ्यात शिवत नाहीत."

मी ते कार्ड काढून घेतलं आणि गठ्ठा परत अण्णांपुढे सरकवला. अण्णांनी वहीवर बोट ठेवलं. प्रश्न आणि उत्तरं पेन्सिलनं लिहायची, पण शेवटी काय लागू पडलं ते विचारणाऱ्यानं शाईनं लिहायचं, असा त्या वहीचा रिवाज होता.

"अण्णा, महिनाअखेरीला चार दिवस आहेत. साहेब वही वाचतात."

"वाचतात."

"टपालानं सगळ्या गावांना जाईल."

"जाईल. मुंबईच्या माणसानं त्याच्या मशीनचा वेळ तुझ्यासाठी घातला. त्याला कळायला नको, काय झालं ते?"

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काही नाही. मी बोलणार नाही कुणाला. तुझा तक्ता होईल, नोकरी पण होईल. पुढच्या पोरीला हेच अडेल. ती या पानाशी येईल, चौघांनी बरोबर म्हटलेलं वाचेल आणि म्हणेल, माझंच नशीब फुटकं. एवढंच."

मी शाईचं पेन काढलं. लिहिलं, 'प्रोग्राम बरोबर होता. गठ्ठा चूक होता. बदललेलं जुनं कार्ड मी काढून टाकलं नव्हतं. वहीत मी गठ्ठ्यावरून न उतरवता आठवणीवरून उतरवलं, त्यामुळे चूक कुणाला दिसली नाही. प्रश्न विचारताना नेहमी गठ्ठ्यावरूनच उतरवावं.' खाली नाव होतंच.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. तक्ता टेबलावर होता. त्यांनी विचारलं, "वहीतलं तुम्हीच लिहिलंत?"

"हो सर. चूक माझी होती."

"ती कळली. तुमचं प्रोबेशन मी तीन महिन्यांनी वाढवतोय." माझ्या डोळ्यांसमोर वखारीचं दार आलं. ते पुढे म्हणाले, "चुकीसाठी वाढवत नाही. मी पाच महिन्यांची वही चाळली. याआधी तुमचा एकही प्रश्न नाही. पाच महिने तुम्हांला काही अडलंच नाही, की अडलं आणि तुम्ही झाकलंत? झाकणाऱ्या माणसाचे आकडे विमानात घालायला मला भीती वाटते. तीन महिने विचारा. मग बघू."

खिडकीशी येऊन मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते हळहळतील. त्यांनी वहीचं नवं पान उघडलं आणि पेन्सिलीला टोक करायला घेतलं. "तीन महिने म्हणजे पुष्कळ झाले. चल, आज काय अडलंय?"

त्या तीन महिन्यांत मी इतकं विचारलं की इतर लोक चिडवू लागले, आज वहीत निपाणीचा मुक्काम आहे का म्हणून. मुंबईहून दुसरं कार्ड आलं, की तुमचं वाचून आम्ही आमचे गठ्ठे तपासले, दोघांच्या गठ्ठ्यांत अशी जुनी कार्डं सापडली, आभार. ते कार्ड अण्णांनी माझ्या पानावर चिकटवलं. हळूहळू मी उत्तरंही देऊ लागले. आणि तीन महिन्यांनी साहेबांनी मला कायम केलं. कायम झाल्याचा माझ्या दृष्टीनं मोठा फायदा हा, की दर आठवड्याला मशीनची काही मिनिटं माझ्या नावावर लागली. ती मी कशासाठी वापरते हे कुणी विचारणार नव्हतं.

अण्णांच्या निवृत्तीला दोनेक महिने उरले असतील. एका सोमवारी वही उघडली तर प्रश्नाखाली अण्णांचं नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पेन्सिल इतकी हलकी टेकवलेली की नाव वाचायला वाकावं लागलं. वह्या आता सात झाल्या होत्या आणि हवा तो प्रश्न कुठल्या वहीत, कुठल्या पानावर आहे हे फक्त अण्णांच्या डोक्यात होतं. आपल्यामागे लोकांची पंचाईत होईल म्हणून त्यांनी सूची छापून देणारा प्रोग्राम लिहिला होता. कुणी शिकवलं नव्हतं. गठ्ठे घेता घेता, वही वाचता वाचता शिकले होते. काय हवं होतं, काय केलं, हे दोन्ही होतं. 'काय आलं' या जागी मात्र लिहिलं होतं, 'माहीत नाही. चालवून बघितलेलं नाही.' काउंटरच्या माणसाला मशीनचा वेळ मिळत नसे.

"मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

अण्णा फळी पुसत होते. "मॅट्रिक माणूस प्रोग्राम लिहितो म्हणलं तर लोक हसतील, असं वाटलं स्वल्प."

कुणी हसलं नाही. लोक ते पान बघायला दुसऱ्या इमारतींतून आले. पाचसहा जणांनी सुधारणा लिहिल्या आणि पुस्तकात वाचा म्हणणाऱ्या त्या इंजिनिअरनं सर्वांत लांब उत्तर दिलं. कार्डं मी करून घेतली, गठ्ठा माझ्या मिनिटांवर माझ्या नावानं आत गेला. पहिल्या दिवशी अर्धं पान आलं, दुसऱ्या दिवशी नुसताच एक आकडा पानभर. पाचव्या दिवशी सूची पूर्ण छापून आली. अण्णांनी ती काउंटरवर पसरली आणि बराच वेळ बोटानं ओळी तपासत राहिले. मला म्हणाले, "चौथ्या वहीतलं पान एकशे तीन राहिलंय." खरंच राहिलं होतं. ते घातलं आणि ती सूची सगळ्या गावांना गेली.

निवृत्त होऊन ते मुलीकडे आनेकलला राहायला गेले. मी बसनं दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी आधी मला जेवायला घातलं आणि मग न सुटलेले प्रश्न कोणकोणते आहेत ते विचारलं. तिसऱ्यांदा जायच्या आधी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, की अण्णा गेले. ते पत्र मी खिडकीशी उभी राहून सगळ्यांना वाचून दाखवलं आणि त्या दिवशी गठ्ठे तासभर उशिरा आत गेले.

आईला आणि बहिणीला मी बंगळूरला आणलं. बहीण वर्गात इतकं विचारायची की तिच्या शिक्षिकेनं एकदा मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, विचारू द्या. सत्तर साल उजाडायच्या आत मी विभागात सीनियर झाले, आणि आमच्या घरात आता दोघी पदवीधर आहेत.